फ्रिजमध्ये गाडीची किल्ली (अर्थात सॅन अँटोनियोतला चिकानो इतिहासाचा वर्ग)

मेस्किट

मुलगी ऑगस्टात कॉलेजला बाहेरगावी गेली आणि संध्याकाळी घर खायला उठायला लागलं. नवरा म्हणाला, योगा लाव. मी इथल्या (सॅन अँटोनियो, टेक्सस) एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्गांना नाव घातलं. एक मेक्सिकन अमेरिकन, म्हणजेच चिकानो इतिहास, भाग दुसरा. (पहिला भाग अमेरिका-मेक्सिको युद्धापाशी संपतो. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्मा मुलूख गेला, दुसऱ्याची सुरुवात तिथून.) दुसरा वर्ग लोकांच्या तोंडून गोष्टी गोळा करण्याचा. म्हणजे कागदी इतिहास मंगळवारी आणि तोंडी गुरुवारी. वर्गात बावीस जण, त्यातली मी एकटी देशी आणि वयाने दुसऱ्या नंबरची.

या गावात आठ वर्षं राहतेय. आलामो बघितला, रिव्हरवॉक बघितला, पाहुणे आले की पुन्हा पुन्हा बघितला. पण आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या वेस्ट साइडला १९३८ साली दहा-बारा हजार माणसं संपावर गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. बहुतेक बायका, जवळजवळ सगळ्या मेक्सिकन, काम पेकान सोलायचं. पेकान म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊ, दिवाळीच्या सुमारास इथे अंगणात सडा पडतो. आपण त्याची कतली करतो आणि खूश होतो. तेव्हा अखंड अर्ध्या गरासाठी पौंडाला सात सेंट आणि तुकड्यांसाठी सहा मिळायचे. ते एकेक सेंटने कमी केले आणि ३१ जानेवारीला बायका बाहेर पडल्या. पुढारी होती एम्मा तेनायुका, वय २१. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकड्यांनी आत टाकलं. शेवटी दर थोडा वाढला. त्याच वर्षी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा आला, मालकांनी यंत्रं आणली आणि हजारोंचं काम गेलं. तेनायुकाला पुढे गाव सोडावं लागलं. बऱ्याच वर्षांनी परत येऊन ती इथेच शाळेत शिकवत होती.

हे झालं मंगळवारचं. गुरुवारच्या वर्गात काम मिळालं की आपल्या गल्लीतल्या कोणाची तरी तासाभराची मुलाखत घ्या. आमच्या पलीकडच्या आजी ८४ वर्षांच्या. त्यांची आई त्या कारखान्यात होती, एवढं त्या एकदा कचऱ्याचा डबा ओढता ओढता बोलल्या होत्या. मी नऊ प्रश्न लिहून नेले. वर्गाच्या बाईंनी आधी बजावलं होतं: फ्रिज बंद करा, त्याची घरघर टेपवर येते, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. आजींच्या फ्रिजमध्ये मी किल्ली ठेवायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते बघण्यासारखं होतं.

मुलाखत पडली. "संपाबद्दल काय आठवतं?" "माझा जन्म नंतरचा." "आई काय सांगायची?" "दमून यायची, काय सांगणार." बारा मिनिटांत माझे नऊ प्रश्न संपले. मग त्याच म्हणाल्या की मुकाट काय बसायचं, आणि अंगणातल्या पेकानची परडी पुढ्यात ओढली. दोन पेकान एका मुठीत धरून एकमेकांवर दाबायचे, एक फुटतो. अडकित्ता वगैरे काही नाही. बोलता बोलता त्यांनी दोन वाडगे घेतले. अखंड अर्धे एकात, मोडके दुसऱ्यात. मी विचारलं, खायचेच आहेत ना, मग वेगळे का? त्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आईचे असे असायचे." आणि मग चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. तपकिरी धूळ, तोंडाला बांधलेलं फडकं, खोकणारी मावशी, आई घरी आली की कपडे बदलेपर्यंत पोरांनी जवळ जायचं नाही. तुकडा पडला तर मोठी बहीण हळूच तोंडात टाकायची, म्हणजे आईच्या सेंटात घट, पण पोरीच्या पोटात भर.

पन्नास मिनिटांचं टंकन करायला मला चार संध्याकाळी लागल्या. स्पॅनिश आणि इंग्रजी एकाच वाक्यात, त्यात मध्येच "फडफड" असा आवाज. तो मीच कागद उलटल्याचा.

आणि मग तो कागद. मुलाखत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायची तर सांगणाऱ्याची सही लागते. मला वाटलं, औपचारिकता. आजींनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "ही आता कुणाची? तुझी, कॉलेजची, की माझ्या आईची?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी इंटरनेटवर ठेवण्याची ओळ पेनाने खोडली, शेजारी आद्याक्षरं केली आणि खाली सही केली. हे इथे लिहितेय तेही विचारूनच. नाव नको, गल्ली नको, मग लिही म्हणाल्या.

असे वर्ग तुमच्या पाहण्यात आहेत का? आपल्याकडे?

---

गुळपोळी

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. दोन वाडग्यांचा प्रसंग दोनदा वाचला.

एक बाळबोध शंका: चिकानो, हिस्पॅनिक, लॅटिनो, मेक्सिकन अमेरिकन, हे सगळे एकच का? आमच्या ऑफिसात कुठला शब्द वापरावा कळत नाही, म्हणून मी सर्वनामांवर भागवते.

---

मेस्किट

@गुळपोळी, चिकानो हा शब्द बहुधा 'मेशिकानो'तून आलाय. आधी तो हिणवायला वापरत. साठच्या दशकातल्या पोरांनी तोच उचलून छातीवर लावला. 'दलित' शब्दाला जसा चळवळीने ताठपणा दिला, तसंच काहीसं. पण ज्याच्या-त्याच्यापुढे वापरू नका. आजींना मी चिकाना म्हटलं तर म्हणाल्या, "ते माझा भाचा. मी तेहाना." म्हणजे टेक्ससची.

---

त्रयस्थ

लेखनशैली चांगली. पण विरोधी सूर लावतो.

१. फी भरून शेजारणीशी गप्पा मारायला शिकायचं? आमच्या आज्या ओट्यावर बसून हेच फुकट करत होत्या.
२. आई असं म्हणायची, मावशी तसं म्हणायची, हा इतिहास नव्हे. इतिहासाला कागद लागतो.
३. अशा वर्गांतून बाहेर पडणारी मुलं फक्त कोण कुणावर अन्याय करतो हे मोजत बसतात. नोकरी कोण देणार?

---

कंदील

सॅन डिएगोहून. त्रयस्थ, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला आमच्या गावची गोष्ट.

कोरोनाडोचा पूल १९६९ ला झाला. त्याच्या खांबांनी लोगान हा मेक्सिकन मोहल्ला मधोमध चिरला. त्याआधी हमरस्ता गेलाच होता. लोकांना पुलाखाली बाग देऊ म्हणून सांगितलं होतं. २२ एप्रिल १९७० ला मारिओ सोलिस नावाच्या सिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला तिथे बुलडोझर दिसले. विचारलं तर कळलं की हायवे पोलिसांचं ठाणं बांधताहेत. तो थेट चिकानो स्टडीजच्या चालू वर्गात गेला आणि सांगितलं. वर्ग उठला. बायका, पोरं, शाळकरी मुलं बुलडोझरभोवती साखळी करून उभी राहिली. बारा दिवस जागा सोडली नाही, फावड्या-कुदळींनी निवडुंग आणि झाडं लावली. आज ते चिकानो पार्क. १९७३ पासून त्या खांबांवर चित्रं काढायला लागले, आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मी रविवारी मुलीला घेऊन जातो, खाली ढोलाच्या तालावर अझ्टेक नाच आणि डोक्यावर ट्रकांची धडधड.

तो वर्ग तरी आला कुठून? मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं बाहेर पडली. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा, मुलींना टायपिंग आणि मुलांना सुतारकाम, कॉलेजचं नाव काढायचं नाही. मागण्यांत एक होती: आमचा इतिहास शिकवा. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो त्यांच्या बाजूने उभे राहिले तर त्यांच्यासह तेराजणांवर कटाचे खटले भरले. ते पुढे टिकले नाहीत. गंमत म्हणजे पहिली शाळा, विल्सन, ठरल्या दिवसाआधीच १ मार्चला बाहेर पडली, कारण मुख्याध्यापकांनी मुलांचं नाटक रद्द केलं होतं! नाटक बंद पाडलं म्हणून क्रांती, हे मराठी माणसाला समजायला हरकत नसावी.

---

मेस्किट

@त्रयस्थ, कागदाबद्दल.

आमच्या गावच्या एजवुड भागातल्या मुलांनीही १६ मे १९६८ ला शाळा सोडली होती. फुटलेल्या खिडक्या, अपुरी पुस्तकं. त्यातून पालकांनी दावा लावला. देमेत्रिओ रोद्रिगेस हवाई दलाच्या तळावर पत्रेकाम करायचे, दाव्यात त्यांचं नाव पहिलं. कागद असा: एजवुडमध्ये एका मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर, त्याच गावातल्या श्रीमंत आलामो हाइट्समध्ये ५९४. आणि मालमत्ता कराचा दर एजवुडचाच जास्त! घरंच स्वस्त, तर कर किती निघणार. १९७३ ला सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. कागद होता, तरी हरले. पुढे १९८९ ला राज्याच्या न्यायालयात एजवुड जिंकलं.

आता उलट बाजू. टेक्ससच्या सरहद्दीवर पोर्वेनीर नावाची वाडी होती. २८ जानेवारी १९१८ च्या पहाटे टेक्सस रेंजर्स (राज्याचं पोलीसदल) आणि आसपासच्या गोऱ्या मळेवाल्यांनी १५ पुरुष आणि पोरं बाहेर काढून गोळ्या घातल्या. वाडी उठली. १९१९ मध्ये होसे तोमास कानालेस या आमदाराने रेंजर्सची चौकशी लावली, म्हणजे सरकारी कागदही होता. तो फायलीत आणि शाळेच्या पुस्तकात रेंजर्स म्हणजे शूरवीर. शंभर वर्षं हे जागं ठेवलं ते त्या घरांतल्या लोकांनी, स्वयंपाकघरात सांगून. स्मारकाची पाटी लागायला २०१८ उजाडलं. सांगणारे नसते तर ती फाइल कुणी उघडली असती?

बाकी आठवण चुकते, हे मान्य. आजी म्हणाल्या आई महिनाभर तुरुंगात होती. मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली, तो हिशेब बसत नाही. बाईंनी सांगितलं, टेपवर दुरुस्त करू नका, खाली टीप लिहा. आणि हेही विचारा की घरात तो काळ महिन्याएवढा का वाटला असेल.

---

सोलापुरी_चादर

हा धागा वाचून परवा आजीला व्हिडिओ कॉल लावला. आमची आजी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू, बाहेर मराठी. चाळीस वर्षं विड्या वळल्या. मेस्किटताईंचा धडा घेतला, आधी प्रश्न विचारले नाहीत, फक्त आत्याला सांगून तिच्या मांडीवर जुनं सूप ठेवलं. पान नाही, तंबाखू नाही, तरी बोटं चालायला लागली. पत्र्याच्या साच्यावर पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं. हजार झाल्या की कारखान्यात न्यायच्या. तिथला तपासणारा मूठभर बाजूला काढायचा, पान फाटलं, वजन कमी, काहीही. त्याचे पैसे नाहीत, पण विड्या मात्र तो परत द्यायचा नाही. "मग त्या जायच्या कुठं?" मी विचारलं. आजी म्हणाली, "तुझ्या आजोबाला तेच विचारायची. तो म्हणायचा, गप ऱ्हा."

(इथले एक वाक्य प्रतिसादकर्त्याच्या विनंतीवरून काढले आहे. – संपादक)

तेवीस मिनिटं रेकॉर्ड झालंय. पुढे काय करायचं ठाऊक नाही.

---

गुळपोळी

@सोलापुरी_चादर, आजीचं ते शेवटचं वाक्य वाचून काटा आला अंगावर.

---

अर्धवटराव

त्रयस्थ यांच्या 'ओट्यावरच्या आज्या' वरून आठवलं. या मेक्सिकन लोकांकडे कोरिदो म्हणून गाण्याचा प्रकार आहे, थेट आपल्या पोवाड्याचा भाऊ. साल, गाव, नाव सांगून सुरुवात आणि शेवटी गाणारा निरोप घेतो. सगळ्यात गाजलेला ग्रेगोरिओ कोर्तेसचा.

१२ जून १९०१, कार्न्स काउंटी, म्हणजे मेस्किट यांच्या गावाजवळच. शेरीफ घोडाचोर शोधत कोर्तेसच्या दारात. बरोबरच्या दुभाष्याने विचारलं, घोडा दिलास का कुणाला? कोर्तेस म्हणाला, नाही. खरंच नव्हता दिला, त्याने घोडी दिली होती. स्पॅनिशमध्ये काबायो वेगळा, येग्वा वेगळी. दुभाष्याला फरक कळला नाही, शेरीफला वाटलं खोटं बोलतोय. पिस्तूल निघालं, कोर्तेसच्या भावाला गोळी लागली, कोर्तेसने शेरीफला मारलं. मग दहा दिवस शेकडो माणसं मागे आणि हा कधी पायी, कधी घोडीवर (होय, घोडीवरच) सरहद्दीकडे. १९१३ ला माफी मिळाली.

टेक्सस विद्यापीठाच्या आमेरिको परेदेस यांनी या एका गाण्याचा माग काढत १९५८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. कागदात तो खुनी, गाण्यात नायक. परेदेस दोन्ही समोरासमोर ठेवून बघतात, हे मला भारी वाटतं. इंग्रजांच्या काळात आपल्या किती उमाजींच्या जबान्या अशाच दुभाष्यांतून गेल्या असतील देव जाणे.

---

निळी शाई

धागाकर्तीने विचारलंय 'आपल्याकडे?' म्हणून लिहिते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ ला आलं. कुठल्या कॉलेजचा वर्ग नव्हता. तेव्हा अमेरिकेतून शिकायच्या आधी दादरच्या एखाद्या दुकानात जा.

दोन्हीकडचे धागे जुळतातही. ओकलंडला १९६६ मध्ये ब्लॅक पँथर सुरू झाली. तिच्याकडे बघून लॉस एंजेलिसच्या चिकानो पोरांनी ब्राऊन बेरे ही संघटना काढली आणि मुंबईत १९७२ ला ढसाळ, ढाले, ज. वि. पवारांनी दलित पँथर. एकमेकांना ओळखत नसलेली दोन चुलत भावंडं.

आणि नाटक! १९६५ च्या कॅलिफोर्नियातल्या देलानोच्या द्राक्षमजुरांच्या संपात लुईस वाल्देस मालमोटारीच्या हौद्यावर दहा-पंधरा मिनिटांचे खेळ करायचा, मजूरच नट. गळ्यात पाट्या: 'मालक', 'संपफोड्या'. संपफोड्याची पाटी गळ्यात घालायला सुरुवातीला कुणी तयार होईना. ज्यांनी आंबेडकरी जलसे किंवा अण्णाभाऊंचं कलापथक यांच्याबद्दल घरात ऐकलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. (तो संप सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँगच्या पुढारपणाखाली. मेक्सिकन आठवड्याने सामील झाले. हे चिकानो वर्गांतही पुष्कळदा उरकून टाकतात.)

मेस्किट, तुमच्या आजींचा प्रश्न मात्र मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. आमच्या वस्तीत पीएचडीवाले येतात, रेकॉर्ड करतात, जातात. माझ्या मावशीची मुलाखत कुठल्यातरी प्रबंधात आहे. तिला प्रत सोडा, नावही कळवलं नाही.

---

त्रयस्थ

निळी शाई, शेवटचा परिच्छेद पटला. मुद्दा २ मागे घेतो, अर्धा. फी भरण्यावर ठाम आहे.

पण मग सरकारांना या वर्गांची एवढी भीती का? ॲरिझोनात असा कायदा झाला होता ना?

---

कंदील

झाला होता. टूसॉनच्या शाळांत मेक्सिकन अमेरिकन अभ्यासक्रम होता, मुलांचे निकाल सुधारत होते. २०१० च्या कायद्याने तो बेकायदा ठरवला, जानेवारी २०१२ ला बंद, वर्गातली पुस्तकं खोक्यात भरून गोदामात. ऑगस्ट २०१७ ला न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला की यामागे वंशद्वेष होता. ताशिमा जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात लहानपणी त्यांना घरच्यांसकट छावणीत डांबलं होतं, आणि ती छावणीही ॲरिझोनातलीच, पोस्टनची.

---

खडूस काकू

पश्चिम टेक्ससात मार्फा नावाचं गाव आहे. तिथल्या मेक्सिकन मुलांच्या ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली स्पॅनिशचा दफनविधी केला होता. मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, पेटीत घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ 'मिस्टर स्पॅनिश' पुरला. ही मुलं म्हातारी झाली आणि त्यांनीच ती शाळा पाडू दिली नाही. २०२२ ला तसा कायदा झाला, आता ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आम्ही गेलो होतो. एका खोलीत बाक, भिंतीवर फोटो, आणि बाहेर भरपूर वारा.

परतताना गाडीत मला आमची ठाण्याची शाळा आठवली. नाव सांगत नाही. मराठी शब्दाला पंचवीस पैसे दंड, वर्गप्रमुख डबा घेऊन फिरायची. वर्गप्रमुख मीच होते.

---

मेस्किट

काकू, याची मुलाखत मी घेऊ का? फ्रिज बंद करायला लागेल.

@सोलापुरी_चादर, पुढे काय विचारलं होतं ना. आधी आजींना ते परत ऐकवा. आमच्याकडे हा नियमच आहे, टंकन करून वाचून दाखवायचं. पलीकडच्या आजींनी मला एकच दुरुस्ती सांगितली. मी 'मावशी खोकून मेली' लिहिलं होतं. त्यांनी 'मेली'च्या आधी 'एकोणीस वर्षांची' घालायला लावलं.

---

सोलापुरी_चादर

ऐकवलं. माझा वरचा प्रतिसादही आत्याने मोठ्याने वाचून दाखवला. सूप, साचा, आजोबा सगळं चालेल म्हणाली, "गप ऱ्हा" वर तर हसली. पण तिच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य काढ म्हणाली. ते तिने मला सांगितलं होतं, लोकांना नाही. त्या घरातली माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

संपादक मंडळ, मला इथे स्वसंपादन येत नाही. माझ्या प्रतिसादातलं शेवटून तिसरं वाक्य कृपया उडवाल का?

---

संपादक मंडळ

काढले आहे.

---

नाखवा

उशिरा आलो, आत्ता एका दमात सगळा धागा वाचला. काय वाक्य होतं ते?